घरात वद्यातलं कोणी नव्हतं

यज्ञेश टोकेकर पोटापाण्यासाठी नेमकं काय करतो, हे रामघाटाच्या गल्लीत कुणालाच धड सांगता येत नसे. वडिलांचं काम सगळ्यांना ठाऊक होतं. ढुंढिराजशास्त्री म्हणजे श्राद्धपक्ष, तीर्थविधी आणि तिथी सांगणं. मुलगा मात्र सकाळी मोटारसायकलवरून पूल ओलांडून रामनगरला जायचा आणि 'कंप्यूटरमध्ये काहीतरी' करून संध्याकाळी परतायचा. कुणी फारच खोदून विचारलं तर शास्त्रीबुवा म्हणत, "बाकीचे लिहितात, हा गाठोडं बांधतो." लोक माना डोलवत आणि आणखीच गोंधळून घरी जात.

खरं तर याहून नेमकं कुणालाही सांगता आलं नसतं. रामनगरच्या बाजारात एका मिठाईच्या दुकानावरच्या माळ्यावर ती कंपनी होती, आणि तिचा सगळा संसार 'तिथिमित्र' नावाच्या एका प्रोग्रॅमवर चाले. पुरोहितांसाठी पंचांग, मुहूर्त, जन्माची तिथी, मृत्यूची तिथी. लिहिणारी पोरं आपापला तुकडा लिहीत आणि मोकळी होत. ते तुकडे गोळा करायचे, एकत्र जुळवायचे, त्याचं गाठोडं बांधायचं, त्यावर आकडा घालायचा आणि लोकांच्या फोनकडे रवाना करायचं, हे यज्ञेशचं काम. हे काम चांगलं झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. वाईट झालं तर मात्र सगळ्यांना बांधणारा आठवतो.

आकड्याच्या बाबतीत तो फार कडक होता. चार पूर्णांक दोन पूर्णांक शून्य. पहिला आकडा मोठ्या बदलाचा, मधला नव्या सोयीचा, शेवटचा दुरुस्तीचा. एकदा एक आकडा घराबाहेर पडला की त्या आकड्याच्या गाठोड्यात एक काडीही इकडची तिकडे करायची नाही. चूक सापडली तर नवा आकडा, नवं गाठोडं आणि सोबत काय चुकलं होतं त्याची सरळ नोंद. हे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. लहानपणी वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, शेजारी बसून त्याने पाहिलं होतं, की संकल्प म्हणताना चूक झाली तर तिथल्या तिथे एक शब्द बदलून पुढे जाता येत नाही. हातातलं पाणी सोडायचं, नवं पाणी घ्यायचं आणि पहिल्यापासून म्हणायचं.

एकाच प्रोग्रॅमची गाठोडी मात्र त्याला दोन बांधावी लागत. काशीत राहणाऱ्या मराठी घरांना याचं कारण सांगावं लागत नाही. शुद्ध पक्षात आपला आणि इथल्या लोकांचा महिना एकच असतो. पौर्णिमा सरली की त्यांचा महिना बदलतो, आपला अमावास्येपर्यंत तोच चालतो. म्हणजे त्याच दिवशी, त्याच गल्लीत, दूधवाल्याचा फाल्गुन सुरू असतो आणि दूध घेणाऱ्या काकूंचा माघ. म्हणून एक गाठोडं उत्तरी आणि एक दक्षिणी. दक्षिणीला गिऱ्हाईक मूठभर. मालक विश्वेश्वरजी त्याला 'मराठी झमेला' म्हणत आणि दर वर्षी ते बंद करायचं काढत. यज्ञेशच ते जिवापाड धरून होता, कारण ते वापरणाऱ्या मूठभर लोकांत एक त्याचे वडील होते.

शास्त्रीबुवांना काचबिंदू झाला होता. माणूस दारात उभा आहे एवढं कळे, कोण ते आवाजावरून. जुनी पंचांगं कपाटात होती तशीच राहिली, वाचणार कोण? यज्ञेशने फोनमध्ये बोलणारं 'तिथिमित्र' घालून दिलं. तारीख सांगितली की आतून एक बाईचा आवाज तिथी सांगे. पहिले काही दिवस शास्त्रीबुवा तिच्यावर डाफरले, मग तिच्याशी त्यांचं जमलं. कुणाचा फोन आला की म्हणत, "थांबा, बाईला विचारतो." साऱ्या आयुष्यात त्यांनी कुणाला चुकीची तिथी सांगितली नव्हती. मिरवावं असं त्यांच्यापाशी एवढंच होतं, आणि मुलाने ते त्यांना परत मिळवून दिलं होतं.

त्या वर्षी भाद्रपदात नवी सोय आली. मागल्या कित्येक वर्षांतली कुठलीही तारीख सांगा, तिची तिथी मिळेल. आकडा पडणार होता ४.२.०. पितृपक्षात नवं काही काढायचं नाही हा विश्वेश्वरजींचा दंडक, त्यामुळे पौर्णिमेच्या आत गाठोडी बाहेर पडायलाच हवी होती. यज्ञेशने आधी उत्तरी बांधलं. मग दक्षिणी. रीत अशी की दोन्हींच्या मध्ये आधीचं उरलेलं सगळं झाडून पुसून पुन्हा पहिल्यापासून जुळवायचं. पण त्याला पुष्कळ वेळ लागतो. त्या दिवशी रामनगरची वीज सारखी जात होती, आणि विश्वेश्वरजी जिन्यात उभे राहून मुहूर्त टळतोय म्हणून सांगत होते. यज्ञेशने झाडणं टाळलं. दोन्हींतल्या जुन्या वर्षांच्या तक्त्याचं नाव एकच होतं. उत्तरीचा तक्ता तिथे बसलेला होता, तो तसाच दक्षिणीत शिरला.

तपासणी त्याने केली, केली नाही असं नाही. पण त्या कचेरीत एक पद्धत होती, आणि ती कुणी मोडत नसे. जिवंत माणसाच्या नावाने किंवा उगाच मनाने रचून मृत्यूची तारीख घालायची नाही. अशुभ ते अशुभ, यंत्रात घातलं म्हणून काय झालं? त्यामुळे प्रत्येक जण आपल्या घरातली खरीच गेलेली माणसं घालून पाही. यज्ञेशने नेहमीप्रमाणे आपली आई सीताबाई घातली. कार्तिक शुद्ध दशमी, बरोबर. आजोबा घातले. श्रावण शुद्ध तृतीया, तेही बरोबर. शुद्धात दोन्ही तक्ते सारखेच बोलतात, चुकीचा असला तरी कळणार कसं? घरात वद्यात गेलेलं कोणी नव्हतं. त्याने गाठोडं पाठवून दिलं आणि अण्णांच्या फोनात स्वतःच्या हाताने घातलं.

दिवाळीनंतर मृणालिनी सबनीस यांचा शास्त्रीबुवांना फोन आला. त्यांचे यजमान श्रीनिवास रेल्वेतून निवृत्त झालेले, काशीतच स्थायिक. त्यांचा एकुलता एक मुलगा निमिष मार्चच्या सुरुवातीला हैदराबादला अपघातात गेला होता. तिथेच विद्युतदाहिनीत सगळं उरकलं. त्या गोंधळात तिथी विचारायचं कुणाला सुचलं नाही. आता वर्षश्राद्ध काशीत नीट करायचं होतं.

"तारीख सांगा," शास्त्रीबुवा म्हणाले. त्यांनी बाईला विचारलं. बाईने सांगितलं ते त्यांनी पुढे सांगितलं, "फाल्गुन अष्टमी, वद्य. लिहून ठेवा." मार्चची सुरुवात कधी माघात असते, कधी फाल्गुनात, तेवढ्यावरून चूक ओळखणं देवालाही जमलं नसतं.

पौषात सोलापूरच्या एका गुरुजींनी कंपनीला फोन करून सांगितलं, की तुमचं यंत्र माझ्या सासऱ्यांची तिथी एक महिना पुढची सांगतंय. यज्ञेशने दक्षिणीचा तक्ता उघडला, तर आत उत्तरीचा. तो तसाच विश्वेश्वरजींसमोर जाऊन उभा राहिला. त्याने काही लपवलं नाही, चूक माझी म्हणाला, आजच ४.२.१ काढू म्हणाला, आणि सोबत लिहू, की भाद्रपदापासून कुणी जुन्या वर्षाची वद्यातली तिथी घेतली असेल तर पुन्हा तपासावी.

विश्वेश्वरजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी यज्ञेशला बसवलं, चहा मागवला. "यज्ञेशबाबू, नंबर वही रखिए, माल बदल दीजिए."

"नंबर वही रहा तो जिनके पास है, उनका फोन नया माल लेगा ही नहीं. उसको लगेगा, मेरे पास तो है."

"जिसे शिकायत होगी वो फोन करेगा. ऐलान कर देंगे तो लोग कहेंगे, इन लोगों ने हमारे पितर भूखे रखे. फिर कौन खरीदेगा? और नीचे नाम किसका छपता है, आपका ही तो."

यज्ञेशने समोरचा चहा प्यायला. त्याच्या जागी आपण असतो तर बाणेदारपणे उठून गेलो असतो, असं प्रत्येकाला वाटतं. वाटायला काय जातं? खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला सुटल्यासारखं वाटलं. त्याने तक्ता बदलला, गाठोडं नव्याने बांधलं आणि त्यावर जुनाच आकडा घातला. आयुष्यात पहिल्यांदाच.

घरी आल्यावर तो अण्णांना म्हणाला, "फोन द्या जरा, साफ करतो." जुनं काढून त्याने त्याच आकड्याचं नवं घातलं.

"काही बिगडलं काय रे?" अण्णांनी विचारलं.

"नाही अण्णा, नेहमीचंच."

भाद्रपदापासून तुम्ही कुणाकुणाला तिथ्या सांगितल्या, एवढा एक प्रश्न त्याने विचारायला हवा होता. तो ओठांपर्यंत आला होता. पण तो विचारला असता तर का विचारतोस हेही सांगावं लागलं असतं, म्हणून त्याने गिळला. माघ आला आणि गेला.

फाल्गुन वद्य अष्टमीला सकाळी सबनीस पतिपत्नी रामघाटावर टोकेकरांच्या घरी आली. यज्ञेशला सुटी होती. श्रीनिवासराव आल्याबरोबर सोवळं नेसले. मृणालिनीबाईंनी घरून खिरीचा डबा आणला होता, निमिषला खीर आवडायची. सगळी मांडामांड झाली, दर्भ झाले, तीळ झाले. संकल्पाला बसण्याआधी एकदा तिथी पक्की करून घ्यायची शास्त्रीबुवांची जुनी सवय. पूर्वी ते पंचांग उघडत, आता फोन. त्यांनी गेल्या वर्षीची तारीख सांगितली.

"माघ वद्य अष्टमी," बाई म्हणाली.

शास्त्रीबुवांनी पुन्हा विचारलं. बाईने पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी फोन कानाला लावून ऐकलं. मग तो हळूच खाली ठेवला.

"सबनीसबाई, तुम्हाला मी काय सांगितलं होतं?"

"फाल्गुन वद्य अष्टमी, गुरुजी. मी तेव्हाच देवघराच्या फळीवर लिहून ठेवलंय."

"मग मी चुकलो. माघातली होती. महिना होऊन गेला."

श्रीनिवासराव पाटावरून उठले नाहीत. मृणालिनीबाई डब्याच्या झाकणावर हात ठेवून काहीतरी आठवत राहिल्या.

"त्या दिवशी प्रयागहून पाहुणे आले होते," त्या म्हणाल्या. "आम्ही त्यांना नावेतून घाट दाखवत होतो. मुन्शी घाटासमोर फोटो काढले. मी हसतेय त्यात." मग थांबून म्हणाल्या, "तो दारात येऊन गेला असेल, गुरुजी. घराला कुलूप होतं."

यज्ञेश स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. एक वाक्य बोलायचं होतं. चूक अण्णांची नाही, माझी आहे. त्याने तांब्या पाटाजवळ नेऊन ठेवला आणि परत उंबऱ्यात येऊन उभा राहिला.

"तिथी चुकली तर वद्य एकादशीला करता येतं," शास्त्रीबुवा म्हणाले. "तीन दिवसांनी या. निमिषची क्षमा मी मागेन. तुमच्याकडून काही चुकलं नाही."

एकादशीला श्राद्ध झालं. व्यवस्थित झालं. पण अष्टमीपासून शास्त्रीबुवा बदलले. फोन वाजला आणि कुणी तिथी विचारली की ते म्हणत, "देवव्रतला विचारा." देवव्रत पलीकडच्या गल्लीतला, त्यांच्याच हाताखाली शिकलेला. जेवताना मध्येच थांबून ते यज्ञेशला विचारत, "आज कोणता वार म्हणालास?" खरं तर त्यांना वार माहीत असे. ते स्वतःला तपासून पाहत होते.

अमावास्या झाल्यावर एका संध्याकाळी ते म्हणाले, "घाटावर घेऊन चल." पायऱ्यांवर ते पाण्याकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, "पौषात तू माझा फोन घेतला होतास."

"हो."

"साफ करतो म्हणालास. काय बदललंस?"

"जुन्या वर्षांचा तक्ता. भाद्रपदात माझ्या हातून उत्तरी गेला होता. झाडलं नव्हतं मी."

"आणि आकडा?"

"तोच ठेवला."

शास्त्रीबुवांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. "म्हणजे फोन तोच, बाई तीच, आकडाही तोच. मग मी कुठे पाहायचं होतं रे?" आणि जरा वेळाने, "मला वाटलं, डोळे गेले, आता डोकंही चाललं. इतके दिवस मी रोज पहाटे पाठ म्हणून पाहतोय, कुठे अडतो का ते."

यज्ञेशने त्यांचे पाय धरले. त्यांनी ते सोडवून घेतले नाहीत आणि त्याच्या पाठीवर हातही ठेवला नाही. "आठवतील तेवढी नावं सांगतो," ते म्हणाले. "उद्या एकेकाला फोन लावून दे."

यज्ञेशने फोन लावून दिले. प्रत्येकाशी शास्त्रीबुवा स्वतः बोलले. काहींच्या तिथ्या यायच्या होत्या, ती माणसं धन्यवाद म्हणाली. काहींच्या होऊन गेल्या होत्या. एका विधुर गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. शास्त्रीबुवांनी मात्र 'मुलाची चूक' असं कुणालाही सांगितलं नाही. 'माझ्याकडून चुकीची गेली' एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रामनगरला जाऊन यज्ञेशने आधी सगळं झाडलं, पहिल्यापासून बांधलं, आणि कुणालाही न विचारता दक्षिणीचं ४.२.१ काढलं. सोबतच्या नोंदीत लिहिलं, की ४.२.० मधून जुन्या वर्षाची वद्यातली तिथी घेतली असेल तर ती चूक असू शकते, तपासा, आणि ही चूक बांधणाऱ्याची आहे. विश्वेश्वरजी ओरडले नाहीत. "अब हो गया न आपका," म्हणाले. त्याच महिन्यात दक्षिणी गाठोडं कायमचं बंद झालं, आणि उन्हाळ्यात यज्ञेशची नोकरीही. आता तो घरी बसून एका पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टांचं सॉफ्टवेअर बांधतो. काम तेच, फक्त तिथींच्या जागी रक्तातली साखर आणि हिमोग्लोबिन. जास्त सावकाश करतो, म्हणून तिथेही बोलणी खातो.

शास्त्रीबुवांनी पुन्हा कुणाला तिथी सांगितली नाही. आपलं डोकं ठिकाणावर आहे हे त्यांना कळलं होतं, तरी नाही. बाई बरोबर सांगत होती, तरी नाही. यज्ञेशने एकदा सुचवून पाहिलं, तर म्हणाले, "बाईचं काय, तिच्या पोटात काय घातलंय ते तिलाही माहीत नसतं." फोन कोनाड्यात पडून राहिला. माणसं येईनाशी झाली. मार्गशीर्षात त्यांना साधा ताप आला, तो छातीत उतरला, आणि एका सकाळी ते गेले. देवव्रत उशाशीच होता. त्याने तिथी सांगितली, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी. खालच्या गल्लीतले लोक खांदा द्यायला आले, त्यांच्या हिशेबी पौष लागला होता.

गुढीपाडवा झाला, वर्ष पालटलं. म्हणजे ती तारीख आता जुन्या वर्षांच्या तक्त्यातून निघणार होती. एका दुपारी यज्ञेशने कोनाड्यातला फोन काढला, चार्जिंगला लावला. ४.२.१ अजून त्यात होतं. नावाच्या जागी त्याने वडिलांचं नाव घातलं आणि मृत्यूची तारीख घातली. खरीच होती, कचेरीतली पद्धत मोडत नव्हती.

"मार्गशीर्ष वद्य चतुर्थी," बाई म्हणाली.

बरोबर होतं. असं एक नाव त्या भाद्रपदात त्याच्यापाशी असतं तर पहिल्या फटक्यात चूक सापडली असती. आता घरात वद्यातलं एक माणूस होतं. त्याने फोन पालथा ठेवला, चपला घातल्या आणि पलीकडच्या गल्लीत देवव्रतच्या दारात जाऊन उभा राहिला.

"अण्णांची तिथी काय रे?"

देवव्रत बघतच राहिला. "अरे, तू होतास की तिथे. मीच तर सांगितली."

"हो," यज्ञेश म्हणाला. "पंचांग उघड आणि पुन्हा सांग."